टोपल्याखालचं पीठ

विठाबाईला भिंतीत उंट दिसला तेव्हा ती लग्न होऊन नुकतीच आली होती, आणि आल्या आल्या भिंतीत उंट बघणारी सून कुठल्याच सासूला नको असते. सोनारीच्या वाटेवरचं गाव, मातीचं घर, पाठीमागच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल यायची. सासूला तिथं ओल दिसायची, सासऱ्याला डागडुजी दिसायची. विठाबाईला मान वर करून, खालचा ओठ लोंबवून उभा राहिलेला उंट दिसला. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आत्याबाई, उंट हाय की वो इथं."

"कुठं?" म्हणत सासू दाराबाहेर बघायला गेली.

तिला परत आणून भिंतीसमोर उभं केलं तरी काही दिसेना. मग विठाबाईनं चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि दोन रेघा ओढल्या, एक पाठीवरच्या मदारीची आणि एक गळ्याखालची. त्यानंतर त्या घरात कुणाला ती भिंत भिंत म्हणून दिसलीच नाही. सासूनं वैतागून शेणामातीचं पोतेरं फिरवलं. पुढच्या पावसाळ्यात उंट आपला हजर. शेवटी सासूच आल्यागेल्याला हात धरून दाखवायला लागली, "आमच्या सुनंनं आणलेला उंट." माहेराहून भांडीकुंडी तशी बेतानंच आली होती. ती तूट उंटानं भरून निघाली असं तिनं मनाशी धरलं असावं.

पण कोळसा लागायच्याही आधी, नुसतं बोट दाखवल्यावर "व्हय, हाय की" म्हणणारा एकच माणूस होता. तो म्हणजे तिचा नवरा बब्रुवान. खांद्यावरचा टॉवेल सावरत त्यानं भिंतीकडं बघितलं, खालचा ओठ जरासा दातात धरून मान हलवली आणि बैलं सोडायला गेला. नव्या नवरीला एवढं पुष्कळ झालं. आपल्याला दिसतं ते दिसणारा एक माणूस या घरात आहे, या भरवशावर तिनं पुढचा सगळा संसार रेटला.

आता विठाबाईला काय काय दिसायचं हे सांगत बसलं तर दिवस पुरायचा नाही. दुधावरच्या सायीत नदी दिसायची. भाकरीच्या करपलेल्या डागात भांडणारे दोन कोंबडे दिसायचे. एकदा तर तिनं चांगली भाजलेली भाकरी बाजूला ठेवून दिली, कारण तिच्यात म्हणे तिची मेलेली आत्या होती आणि आत्याला कालवणात कसं बुडवायचं. पंचमी, दिवाळीला बायका तिला भिंतीवर चित्रं काढायला बोलवायच्या. गेरू, चुना, काजळी एवढ्यावर ती काम भागवायची. पण तिची एक खोड होती, कोऱ्या भिंतीला ती हात लावायची नाही.

गावच्या शाळेत चारुशीला मॅडम आल्या, त्या मूळच्या तुळजापूरच्या, पुजाऱ्यांच्या घरातल्या. त्यांना चित्रांची हौस. शाळेची भिंत त्यांनी नुकतीच पांढरीशुभ्र करून घेतली होती. त्या विठाबाईला मानानं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काकू, आमच्या मुलांसाठी काहीतरी काढा."

विठाबाई भिंतीसमोर मांडी घालून बसली ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत. मग उठली आणि पदर झटकत म्हणाली, "मॅडम, हिच्यात काय न्हाय वो. ही अजून बोलायला लागली न्हाय." आणि मॅडम काही म्हणायच्या आत तिनं पोरांना हौदाशेजारचा चिखल दाखवला. "मारा रं पाणी, मारा चिखल. हात लांबवून मारा."

शाळेतल्या पोरांना असलं काम दोनदा सांगावं लागत नाही. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. हेडमास्तर तर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चिखल वाळला, ओघळ उतरले, आणि विठाबाई चुन्याचं डबडं घेऊन परत आली. एका ओघळाला तिनं डोळा दिला तर मोर झाला. एका मोठ्या डागाला पदर दिला तर पाणी आणणारी बाई झाली. खालच्या बारीक शिंतोड्यांना चाकं लावली आणि आगगाडी येडशीकडं निघाली. मॅडम बघत राहिल्या. "काकू, हे तुम्ही काढलं कसं?" त्यांनी विचारलं.

"म्या कुठं काढलं? हुतं तेवढं राखलं, बाकीचं पुसलं."

त्या भिंतीवरून पोरं अजून भांडतात. कुणी म्हणतं तो मोर नाही, कोंबडाच आहे. मॅडम त्यांना भांडू देतात. हेडमास्तर पाहुण्यांना ती भिंत दाखवताना चिखलाची गोष्ट स्वतःच्या नावावर सांगतात, त्याला आता कोण काय करणार.

पण विठाबाईचं खरं नाव झालं ते पिठामुळं.

त्या भागात माणूस गेलं की जिथं जीव गेला ती जागा सारवून घेतात. तिच्यावर ज्वारीचं पीठ चाळणीनं पातळ पसरतात, मधे दिवा ठेवतात आणि वर टोपलं पालथं घालतात. माणसं माती देऊन परत आली की टोपलं उचलून बघायचं. पिठावर काहीतरी उमटलेलं असतं. पाखराचं पाऊल असलं तर माणूस पाखराच्या जन्माला गेलं, खूर असलं तर जनावराच्या, लेकराचं पाऊल असलं तर ते घरातच परत येणार. शहाणी माणसं म्हणतात की वारं असतं, मुंग्या असतात, टोपल्याचा कचरा पडतो. असेल. पण घरातलं माणूस गेल्यावर त्या पिठाकडं बघणाऱ्याला वारं-मुंग्या सांगून उपयोग नसतो.

विठाबाईचं बघणं साधं नव्हतं. बाकीच्या बायका दिवा वर धरून वाकायच्या, की पीठ सपाट दिसायचं. विठाबाई पिठातला दिवा अलगद उचलायची आणि एका अंगाला, पार जमिनीलगत ठेवायची. मग पिठाची कणी न कणी सावली टाकायला लागायची. मग ती गाल जवळजवळ जमिनीला टेकवून बसायची आणि वाट बघायची. दिवा इकडचा तिकडं केला की चिमणीच्या पावलाचं शेळीचं खूर होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यात तिला लबाडी वाटायची नाही. उजेड बदलला की माणसाचं तोंडसुद्धा बदलतं, म्हणून काय माणूस खोटं असतं? पण तिचे दोन नेम होते. दिवा एकदा ठेवला की हलवायचा नाही, आणि न दिसलेलं दिसलं म्हणायचं नाही. दुसऱ्या नेमापायी तिनं भल्याभल्यांना दुखावलं होतं.

गावातले आण्णासाहेब गेले तेव्हाची गोष्ट. आण्णासाहेब म्हणजे मोठी जमीन, मोठा आवाज, चावडीत त्यांच्यासमोर कुणी पाय पसरून बसायचं नाही. त्यांचा मुलगा शंभू टोपलं उचलायच्या आधीच विठाबाईला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, वाघाचा पंजा असंल बघा. आण्णांचा सभाव तुमाला ठाऊकच हाय." विठाबाई खाली बसली, दिवा ठेवला, बराच वेळ बघितलं आणि सगळ्या पाव्हण्यांसमोर म्हणाली, "वासराचं खूर हाय."

शंभूला ते झोंबलं. त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि त्याची बॅटरी पिठावर मारली. भकाभका पांढरा उजेड पडला आणि सगळं सपाट झालं. "कुठाय वासरू? काय न्हाय इथं."

"लई उजेड झाला की दिसायचं बंद हुतं बाबा," विठाबाई म्हणाली. "बंद कर ते, आन खाली बस."

शंभूनं बॅटरी बंद केली, खाली बसला, आणि त्याला खूर दिसलं. एकदा दिसल्यावर त्याला ते पुसता येईना. पुढं महिन्याभरात त्यांची गाय व्याली, गोऱ्हा झाला, आणि घरात मोठा पेच पडला. गोऱ्ह्याला अरे-तुरे कसं करायचं? थोरली सून गोठ्यात जाताना पदर डोक्यावर घ्यायची. शंभू त्याला "आण्णा, सरका जरा" असं अहो-जाहो करून बोलायचा. गोऱ्हा कडब्याच्या गंजीत तोंड घालून बसला तरी त्याला हाकलायची कुणाची छाती नव्हती, कारण आण्णासाहेबांना जेवताना हाकललेलं खपायचं नाही. त्याला दाव्याला बांधायलाही नको, नांगराला जुंपायलाही नको. आज तो गावभर हिंडतो, दिसेल त्याच्या शेतात चरतो, आणि लोक म्हणतात की काही बदललेलं नाही.

विठाबाईला दोन लेकरं. थोरला इंद्रजित शेती बघतो. त्याला ढगात काय दिसतं विचारलं तर बैल दिसतात नाहीतर भजी. धाकटी हर्षाली, तिला मात्र कधी काहीच दिसलं नाही. लहान असताना विठाबाई तिला कडेवर घेऊन भिंतीपुढं उभी राहायची, "तो बघ उंट." पोरगी भिंतीला बोट लावून, बोट ओलं करून म्हणायची, "आये, ही ओल हाय." ढग म्हणजे ढग, राख म्हणजे राख. खोटं हो म्हणायची तिला सवयच नव्हती. विठाबाईला हे व्यंग वाटायचं. पोरीची नजर उघडू दे म्हणून तिनं सोनारीच्या भैरोबाला नारळसुद्धा फोडला. बब्रुवान तिला समजवायचा, "दिसंल की गं. घाई काय हाय?"

हर्षाली शिकली, जळगावच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायच्या कामाला लागली. विठाबाई एकदा तिथं जाऊन आली. पोरीनं काळी फिल्म उजेडाला धरली तेव्हा विठाबाई पुढं सरकून म्हणाली, "आगं, बाभळीची फांदी."

"आये, मनगट हाय ते. मोडलंय."

गावाकडं येऊन विठाबाईनं बब्रुवानला सांगितलं, "दिसभर सावल्या उजेडाला धरून बगती, आन म्हणं मला काय दिसत न्हाय." सांगताना तिची मान ताठ होती. बब्रुवान म्हणाला, "व्हय, तुजीच लेक हाय." नवरा-बायकोचं असं सगळं बोलणं त्याच्या 'व्हय'वर येऊन थांबायचं.

यंदा माघात बब्रुवान गेला. दुखणं नाही, खुपणं नाही. सकाळी हरभऱ्याला पाणी देऊन आला, चहा घेतला, बाजेवर जरा आडवा झाला. विठाबाई कपबशी उचलायला गेली तेव्हा कप तसाच कोमट होता आणि माणूस गेलेला होता.

हर्षालीला फोन गेला. ती निघाली, पण जळगाव म्हणजे काही पलीकडचं शेत नाही. बीडपर्यंत एसटी, पुढं जीप बदलत बदलत यायचं. भावकीतली म्हातारी माणसं म्हणाली, सांज होऊ द्यायची नाही. इंद्रजित रडत रडत बहिणीशी फोनवर बोलला, आणि दुपारी माती झाली. पोरीला बापाचं तोंड दिसलं नाही.

माणसं बब्रुवानला घेऊन गेली तेव्हा घरात बायका राहिल्या. आळीतल्या बायकांनी आपापसात ठरवून टाकलं होतं की आज पीठ दुसरं कुणीतरी बघेल. सून राजेश्वरी सासूला म्हणाली, "आत्याबाई, आज तुमी बसा. आमी करतो."

"का? माजंच माणूस गेलंय ना?" विठाबाई उठलीच. "गावाचं बगितलं, आन माजं दुसऱ्यानं बगायचं व्हय?"

तिनं स्वतः जागा सारवली, स्वतः पीठ चाळलं. पीठ एकसारखं पडलं. टोपलं पालथं घालून ती शेजारी बसली. बायका रडत होत्या आणि ती रडत नव्हती, म्हणून काहींनी एकमेकींकडं बघितलं. तिला रडायला सवड नव्हती. तिला एकच पाहिजे होतं: तो कुठं गेला ते. दुसऱ्यांच्या माणसांची तिनं गावभर खबर आणून दिली होती, आता स्वतःच्या माणसाची आणायची होती. पाखरू असलं तरी चाललं असतं. खूर असलं तर गोठ्यात सांभाळलं असतं. मुंगी निघाली तरी काही वाटलं नसतं, मुंगी निदान घरातच राहते. त्यानं काहीतरी ठेवून जायला पाहिजे होतं, बास.

माणसं परत आली. कडुलिंबाचा पाला चावून झाला. अंगण भरलं, दारात गर्दी झाली. विठाबाईनं टोपलं उचललं, दिवा एका अंगाला जमिनीलगत ठेवला, आणि गाल टेकवून बसली.

पीठ होतं.

तिनं वाट बघितली. डोळे पुसले. पुन्हा बघितलं. ज्वारीचं पीठ, चाळणीतून पडलं तसं पडलेलं. दिव्याचा उजेड त्याच्यावरून सरळ निघून जात होता, कुठं अडत नव्हता. भाकरीत आत्या बघणारी, ओघळात आगगाडी बघणारी विठाबाई, आणि नवऱ्याच्या पिठात तिला पीठ दिसत होतं. 

"काय हाय, काकू?" शंभूनं दारातून विचारलं. त्याला सगळ्यांत जास्त घाई.

मोर म्हणाली असती तर अख्ख्या अंगणाला मोर दिसला असता. ते तिला चांगलं माहीत होतं. कुणी तपासणार नव्हतं. पण न दिसलेलं दिसलं म्हणायचं नाही, हा नेम काय फक्त परक्यांसाठी होता? आणि 'काही नाही' म्हणायचं, तर लोक हसतील याची तिला पर्वा नव्हती. बब्रुवान तिला काही न ठेवता, न सांगता, परगावच्या पाहुण्यासारखा उठून गेला, हे मोठ्यानं बोलायला तिची जीभ उचलेना.

अशा वेळी तिला हर्षाली आठवली. सगळ्या गावात ती एकच पोरगी अशी होती की जिनं कधी न दिसलेलं दिसलं म्हटलं नव्हतं. बघून बघून आपलेच डोळे बसले असतील. पिठात काही असेल आणि ते त्या पोरीलाही दिसेल इतकं ठळक असेल, तर मग ते नक्की आहे. विठाबाईनं टोपलं परत पालथं घातलं.

"हर्षाली येऊ द्या. मग सांगते."

अंगणात कुजबूज सुरू झाली. विठाबाईनं टोपलं परत झाकलं, असं आजवर कधी घडलं नव्हतं. म्हणजे काहीतरी थोर असणार. कुणी म्हणालं, भैरोबाचं कुत्रं असेल. कुणी म्हणालं, बब्रुवान तसा शांत माणूस, गाय असेल. शंभूनं गायीला लगेच दुजोरा दिला, आण्णांना सोबत झाली असती. घरी जायला निघालेली माणसं परत बसली. राजेश्वरीनं सगळ्यांना पाणी दिलं.

दिवेलागणीला जीप आली. हर्षाली उतरली ती सरळ अंगणात काढून ठेवलेल्या बाजेपाशी गेली आणि रिकाम्या बाजेवर दोन्ही हात टेकून उभी राहिली. "थांबले न्हाईत आबा," एवढंच म्हणाली आणि मोठ्यानं रडली. विठाबाईनं तिला रडू दिलं. मग मनगट धरून आत नेलं. माणसं दारापाशी येऊन थांबली.

विठाबाईनं टोपलं उचललं. दिव्यात तेल घातलं, दिवा होता त्याच जागी जमिनीलगत राहू दिला. "खाली बस," ती म्हणाली, "आन बघ."

कुठं बघायचं ते सांगितलं नाही. बोट दाखवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणाला काही न सांगता नुसतं बघ म्हणत होती. पिठात बघण्यासारखं तिला काही नव्हतंच, म्हणून ती लेकीच्या तोंडाकडं बघत बसली.

हर्षालीनं पिठाकडं बघितलं. डोळे बारीक केले. वाकली, मान वाकडी करून बघितलं. मग तिनं वर बघितलं, आईकडं. आईचं तोंड एवढंसं झालं होतं. आई वाट बघत होती.

"व्हय आये," हर्षाली म्हणाली. "दिसलं."

विठाबाई पुढं सरकली. "काय दिसलं?"

"तुला दिसलं तेच की."

असं म्हणून तिनं नजर पिठावरून काढून दिव्याकडं नेली, खालचा ओठ जरासा दातात धरला आणि मान हलवली. दिव्याचा उजेड खालून, एका अंगानं तिच्या तोंडावर पडला होता. गालाची अर्धी बाजू उजळली होती, अर्धी काळोखात होती. आणि तिथं बब्रुवान बसला होता.

नक्की तोच. भिंतीपुढं टॉवेल सावरत उभा राहिलेला. त्या दिवशीही तिनं बोट दाखवलं होतं, आणि त्यानं असाच ओठ दातात धरून, भिंतीवरची नजर काढून घेत मान हलवली होती. त्याला उंट दिसलाच नव्हता. कोंबडे दिसले नव्हते, भाकरीतली आत्या दिसली नव्हती, चाळीस वर्षांत त्या माणसाला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. लबाड माणूस, तिच्या मनात आलं, आणि त्याचा क्षणभर खरा राग आला. लगेच तो राग कुठल्या कुठं गेला, आणि तिला इतकं भरून आलं की तिनं जमिनीला हात टेकला. दिसत नसताना तो रोज तिच्यासाठी दिसतं म्हणत राहिला होता. दमून आल्यावर, उपाशी असताना, भांडण झालं असतानासुद्धा.

हर्षालीनं केस मागं सारले, तोंड हललं आणि बब्रुवान गेला. समोर लेक होती, प्रवासानं मळलेली.

"काकू," दारातून शंभू म्हणाला, "आता तरी सांगा की. काय दिसलं?"

"माणूस," विठाबाई म्हणाली. तिचा आवाज खणखणीत लागला.

"माणसाचं पाऊल?"

"पाऊल न्हाय. आख्खा माणूस दिसला. तोंडासकट."

दारात गलका झाला. माणसाचा जन्म म्हणजे लहान गोष्ट नाही. शंभूनं चौकटीतून मान लांब केली आणि लगेच म्हणाला, "व्हय व्हय, हे काय, नाक दिसतंय की." त्याच्या मागच्यालाही नाक दिसलं. इंद्रजितला बापाचे खांदे दिसले, आणि तो दाराला डोकं टेकून हुंदके द्यायला लागला. माणसं एकेक करून हात जोडून निघाली. दोन्ही नेम जागच्या जागी होते, दिवा हलला नव्हता आणि विठाबाई खोटं बोलली नव्हती.

खोलीत मायलेकी राहिल्या. हर्षाली पुन्हा पिठावर वाकली. या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. मग आईच्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "आये, खरं सांगू का? मला कायच दिसलं न्हाय. तुला बरं वाटावं म्हणून म्हणले."

"ठावं हाय मला. तुज्या आबालाबी कवा काय दिसलं न्हाय."

 विठाबाईनं लेकीची हनुवटी धरली आणि तिचं तोंड हळूच परत दिव्याकडं वळवलं.

"आता हलू नको," ती म्हणाली. "आन मगाशी म्हणलीस तसं म्हण एकदा. दिसलं म्हण."